भरती, ट्रेनिंग आणि ठाणे अंमलदाराचं टेबल

मी महाराष्ट्र पोलीस दलात शिपाई आहे. २०२१ च्या भरतीतली, म्हणजे कागदावर २०२१ ची, प्रत्यक्षात जाहिरात आली २०२२ च्या शेवटी आणि आमचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, झाली जानेवारी २०२३ ला. घटकाचं, म्हणजे ज्या जिल्हा किंवा शहर पोलिसांत मी आहे त्याचं, आणि ट्रेनिंग सेंटरचं नाव इथे लिहीत नाही, नोकरी चालू आहे आणि कोणा एकाची तक्रार करायची म्हणून मी हे लिहायला बसलेले नाही. पण पोलिसांवर लोकांचा विश्वास नाही असं सगळेच म्हणतात, त्यावर बॅनर लागतात, शाळा-कॉलेजात भाषणं होतात, सेल्फी पॉइंट उभे राहतात, आणि मी ज्या सगळ्या प्रोसेसमधून गेले त्यावरून मला ठामपणे वाटतं की आपण चुकीच्या जागी शोधतोय. भरतीच्या ग्राउंडवर आणि ट्रेनिंगमध्ये आमच्याशी जसं वागलं जातं ना, तसंच आम्ही पुढे ठाणे अंमलदाराच्या, म्हणजे ठाण्यात आलेल्याची तक्रार लिहून घेणाऱ्याच्या, टेबलावर बसून लोकांशी वागतो. हे मी स्वतःच्या आणि बॅचमधल्या मुलींच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय.

माझं गाव सोलापूर जिल्ह्यात. घरी पोलिसात कोणी नाही. आमच्याकडे शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात तसंच पोलीस स्टेशनचं पण, आमचे अण्णा तर बांधाच्या भांडणात डोक्याला टाके पडले तरी ठाण्यात गेले नव्हते, तिथे जाऊन आपणच गुन्हेगार झाल्यासारखं होतं म्हणायचे. बारावी झाली, बीएला अॅडमिशन घेतलं आणि गावातल्या बाकी पोरींसारखी मी पण भरतीच्या तयारीला लागले, कारण आमच्या भागात मुलीला सरकारी नोकरीचा रस्ता म्हणजे पोलीस भरती, आणि महिलांना ३० टक्के आरक्षण असल्याने घरचे पण एक-दोन वर्षं थांबायला तयार होतात. तालुक्याच्या अकॅडमीत पहाटे ग्राउंड, दुपारी लेक्चर, रात्री अभ्यासिका. अकॅडमीतली फी, खोलीचं भाडं, शूज, दूध-अंडी याचा खर्च शेतकऱ्याच्या घराला जड जातो, दोन एकर गहाण टाकून आलेल्या मुली मी बघितल्यात.

१८,३३१ जागा होत्या आणि १८ लाखांच्या आसपास अर्ज. म्हणजे एका जागेला शंभर जण. त्यात इंजिनियर, एमए, बीएड झालेली मुलं-मुली. आमच्याच भरतीत तृतीयपंथी उमेदवारांना ऑनलाइन अर्जात सुरुवातीला कॉलमच नव्हता, त्यासाठी काही जणांना मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जावं लागलं, मग प्रकरण हायकोर्टात गेलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये तो पर्याय उघडला. मला तेव्हाच वाटलं होतं की ज्यांना पोलिसांचा सगळ्यात जास्त त्रास होतो त्यातलं कोणी आत आलं तर किती फरक पडेल. त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

ग्राउंडच्या आदल्या रात्रीची अवस्था वाईट असते हे सगळ्यांना माहीत आहे. पहाटे चारला आत घेणार म्हणून मुली रात्रीच येऊन बसतात, कोणी एसटी स्टँडवर, कोणी फुटपाथवर, जानेवारीची थंडी, आणि सोबत आलेले वडील किंवा भाऊ रात्रभर जागे. टॉयलेटसाठी किती लांब जावं लागलं ते मी लिहीत नाही. काही घटकांमध्ये मंगल कार्यालय नाहीतर शाळेचा हॉल उघडून देतात, तेवढ्याने किती फरक पडतो ते तिथे झोपलेल्या मुलीला विचारा. शेवटी आठ-नऊ तासांनी तिच्या पळण्यावर मार्क मिळणार असतात. आणि हा नुसता सोयीचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत मुलांना ५ किलोमीटर पळायला होतं, उन्हात मुलं कोसळली, काही जणांचा जीव गेला, त्यानंतर अंतर कमी करत करत आता मुलांना १६०० आणि आम्हाला ८०० मीटर आहे.

पण आत गेल्यावर जे घडलं ते मला आजही आवडतं. उंची मोजली, १५५ सेंटिमीटर लागते, माझी त्याहून थोडी जास्त. चिप लावलेला चेस्ट नंबर मिळाला. ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत मारलं की २० पैकी २०, शंभर मीटरला १५, गोळ्याला १५, असं एकूण ५०. सगळीकडे कॅमेरे. प्रत्येक इव्हेंट झाला की टायमिंग, मार्क माइकवर सांगायचे, शीटवर आपल्यासमोर लिहायचे आणि आपली सही घ्यायची. जिला पटलं नाही तिने तिथल्या तिथे अपील करायचं. माझ्या पुढच्या मुलीचा गोळा सहा मीटरला थोडक्यात कमी पडला, ती म्हणाली टेप सैल होती. तिथे ड्युटीला असलेल्या मॅडमनी तिच्यावर आवाज न चढवता टेप परत लावायला लावली, तिलाच वाकून बघायला सांगितलं. आकडा तोच आला. ती रडली, पण सही केली आणि बाहेर जाऊन मला म्हणाली, बरोबर मोजलं गं त्यांनी.

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. तिला मार्क कमी मिळाले, कदाचित तिची नोकरी त्या काही सेंटिमीटरवर गेली, तरी तिचा खात्यावर राग नव्हता, कारण तिचं ऐकून घेतलं, तिच्या डोळ्यांसमोर मोजलं आणि का ते सांगितलं. ठाण्यात येणाऱ्या माणसाला पण याच्यापेक्षा वेगळं काय हवं असतं? प्रत्येक चोरी उघडकीला येणार नाही हे लोकांना कळतं. माझं ऐकलं का, माझ्यासमोर लिहिलं का आणि पुढे काय होणार ते सांगितलं का, एवढं ते बघतात.

लेखी परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ५० टक्के मिळाले की ग्राउंड पास, मग एका जागेला दहा जणींना लेखीला बोलावतात, १०० प्रश्न, ९० मिनिटं, गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, जीके. आमच्या वर्षी काही सेंटरवर कानात बारीक ब्लूटूथ घालून बसलेली मुलं पकडली गेली, पोलीस व्हायला निघालेली मुलं. आणि मी समास, नळ-टाकीची गणितं, पानिपतची तिसरी लढाई १७६१, हे सगळं सोडवून आले. त्या १०० प्रश्नांत एकही प्रश्न असा नव्हता की समोर बाई रडतेय, तिच्या मागे नवरा उभा आहे, तुम्ही पहिलं काय कराल. मला वाटतं असे वीस-पंचवीस प्रश्न सहज बसतील, जीके थोडं कमी करून. ऑप्शनवालेच प्रश्न, म्हणजे ओएमआरवरच तपासले जातील.

मुलाखत घ्या असं काही जण म्हणतात, पीएसआयला असते तशी. पीएसआयला एमपीएससी मुलाखत घेते, ४० मार्कांची, आणि तिथे उमेदवार मोजके असतात. शिपायाच्या भरतीत प्रत्येक जिल्ह्यात हजारोंनी उमेदवार असताना मुलाखत आणली तर पहिला फोन कोणाचा येईल, दुसरा कोणाचा, हे मला सांगायला नको. आमच्या घरचं कोणी कुठे ओळखीचं नव्हतं, मी लागले ते टेप आणि घड्याळामुळे. ते कोणी बिघडवू नये असं मला मनापासून वाटतं. माणूस कसा आहे हे बघायची जागा ट्रेनिंग आहे, तिथे ९ महिने असतात हातात.

निवड यादी लागली, मेडिकल झालं, चारित्र्य पडताळणी झाली. पडताळणीला आमच्याच ठाण्याचे एक हवालदार घरी आले, आईने चहा केला, अण्णा दारात उभेच, बसेचनात. हवालदार म्हणाले, काका बसा की, आता तुमची लेकच आमच्यात आली. तरी अण्णा बसले नाहीत.

ट्रेनिंगला पत्र्याची पेटी, गादी, बादली घेऊन आत गेले आणि पहिल्या संध्याकाळीच कळलं की इथे नाव नाही, नंबर आहे. पहाटे पाचच्या आधी उठणं, फॉलिन, पीटी, परेड, नाष्टा, इनडोअरची लेक्चर, दुपारनंतर परत ग्राउंड, संध्याकाळी रोल कॉल, रात्री बॅरेकमध्ये बूट पॉलिश. शरीराने मी तयार होते, ते जड गेलं नाही. कवायतीची मला आजही गोडी आहे, साठ जणींचा पाय एकदम पडतो तेव्हा अंगावर काटा येतो. फायरिंग, लाठी ड्रिल, दंगा काबू पथकाची तालीम, प्रथमोपचार, सगळं शिकलो.

जड गेलं ते बोलणं. सगळे उस्ताद, म्हणजे कवायत शिकवणारे, तसे नव्हते. पण काही जण होते ज्यांना वाटायचं की शिव्या घातल्याशिवाय पोलीस घडत नाही. घरच्यांवरून बोलायचं, गावावरून, रंगावरून, जाडीवरून. एक मुलगी तापाने फणफणली होती, तिने परेडला सूट मागितली म्हणून अख्ख्या स्क्वॉडला पळवलं, का तर परत कोणी मागू नये. त्या दिवसानंतर ताप आला तरी कोणी बोलेना. आणि मग मी एक बघितलं, आमच्यातल्याच मुली मेसमध्ये काम करणाऱ्या मावशींशी त्याच आवाजात बोलायला लागल्या. आधी त्या तशा नव्हत्या. तीन-चार महिन्यांत तो आवाज अंगात आला. अजून हद्द नाही, ठाणं नाही, समोर आरोपी नाही, तरी समोरच्याला अरेतुरे करायची सवय लागली पण. शिस्त आणि अपमान या दोन गोष्टी एकच आहेत असं एकदा डोक्यात बसलं की ती मुलगी ठाण्यात जाऊन चांगलं बोलायचं कुठून शिकणार?

आमचे दुसरे एक उस्ताद होते, त्यांनी कधी घाण शब्द वापरला नाही. चुकलं की थांबवायचे, नेमकं काय चुकलं सांगायचे, स्वतः करून दाखवायचे, आणि परत करायला लावायचे, दहा वेळा करायला लावायचे. सूट द्यायचे नाहीत, कडक होते. पण त्यांच्या तासाला मुली घाबरून नाही, मन लावून उभ्या राहायच्या. मी त्यांना एकदा विचारलं होतं, सर तुम्ही चिडत नाही का. ते म्हणाले, पुढे तुझ्या हातात काठी असणार आहे, तू चिडलेली असताना ती कशी धरायची ते मी आत्ता नाही दाखवलं तर कधी दाखवणार.

आता विधी निदेशक, म्हणजे कायदा शिकवणाऱ्या, मॅडमबद्दल, कारण मला खरं शिक्षण त्यांच्या वर्गात मिळालं. इनडोअरचा प्रॉब्लेम असा की पहाटेपासून घाम गाळून आलेल्या मुली पंख्याखाली बसल्या की पाच मिनिटांत माना टाकतात. कलमं पाठ करायची, पेपरात लिहायची, विसरायची. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात वर्गातलं टेबल मधे ओढलं, एक रजिस्टर ठेवलं आणि म्हणाल्या, हे ठाणे अंमलदाराचं टेबल. एक जण अंमलदार, एक जण फिर्यादी. फिर्यादी झालेल्या मुलीला त्यांनी कानात सांगितलं की तू साठीची बाई आहेस, मंगळसूत्र हिसकावलंय, तू घाबरलीयस आणि तुला सलग सांगता येत नाहीये. ती मुलगी सांगायला लागली, सकाळी देवळात गेले होते, मग भाजी घेतली, मग पुतण्याचा फोन आला... आणि टेबलावरची आमची मैत्रीण लगेच म्हणाली, ते सोडा, कुठं झालं ते सांगा, आमच्या हद्दीत येतं का ते. सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ दाखवलं, म्हणाल्या, अर्धा मिनिट पण नाही झालं आणि तू तिला तोडलंस, खुर्ची दिली नाहीस, पाणी विचारलं नाहीस, आणि पहिला प्रश्न हद्दीचा. ती आता घरी जाऊन सांगणार, पोलिसांनी ऐकूनच घेतलं नाही, आणि तिची सून आयुष्यात ठाण्यात येणार नाही.

मग त्यांनी कायदा सांगितला. तो तेव्हा असा डोक्यात गेला की अजून निघत नाही. दखलपात्र, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घ्यायलाच लागतो, सुप्रीम कोर्टाचा ललिता कुमारी निकाल, २०१३. हद्द आपली नसली तरी झिरो नंबरने नोंदवायचा आणि ज्यांची हद्द आहे त्या ठाण्याला पाठवायचा. लिहिलेलं वाचून दाखवायचं, मगच सही घ्यायची, कॉपी फुकट द्यायची, झेरॉक्सचे पैसे मागायचे नाहीत. बाईला सूर्यास्तानंतर अटक नाही, अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी. साक्षीदार म्हणून बाईला ठाण्यात बोलावायचं नाही, आपण तिच्या घरी जायचं. डी. के. बसू निकाल, १९९६, अटक करताना नेमप्लेट दिसली पाहिजे, अटकेचा पंचनामा केला पाहिजे, नातेवाइकाला कळवलं पाहिजे. प्रत्येक मुद्दा टेबलावर करून बघायचा. आम्ही आळीपाळीने अंमलदार झालो, फिर्यादी झालो, आरोपीची आई झालो. जी आरोपीची आई झाली तिला कळायचं की आत काय चाललंय हे कोणी सांगत नाही तेव्हा पोटात कसा गोळा येतो.

एक दिवस आमच्या बॅचमधली एक मुलगी, पारधी समाजातली, ती बोलली. तोपर्यंत कोणाला माहीत पण नव्हतं, तिने सांगितलंच नव्हतं. विषय चालला होता संशयिताची चौकशी. ती उठली आणि म्हणाली, मॅडम, आमच्या वस्तीवर कुठेही चोरी झाली की गाडी येते, आधी आमच्या बापाला नेतात, मग चोरी कोणी केली ते शोधतात. वर्ग एकदम गप्प. मॅडमनी पुढचा सगळा तास त्यावरच घेतला. इंग्रजांनी १८७१ ला क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्ट आणला, जन्माला आलं की गुन्हेगार, तारेच्या कुंपणात ठेवायचे, हजेरी घ्यायचे. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ ला तो कायदा गेला. मी सोलापूरकडची, आमच्या सोलापूरला सेटलमेंट म्हणून भाग आहे, मी त्या नावाचा अर्थ कधी कोणाला विचारला नव्हता. कायदा जाऊन सत्तर वर्षं झाली तरी बीटच्या, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतल्या नेमून दिलेल्या भागाच्या, वहीत नावं तीच राहतात, हे मला कोणत्याही पुस्तकातून कळलं नसतं, त्या मुलीमुळे कळलं. ती आज एका ठाण्यात आहे. तिच्या हद्दीत चोरी झाली की चौकशी कुठून सुरू करायची यावर ती साहेबांसमोर पण बोलते. कोणकोण भरती होतं याला महत्त्व आहे ते असं.

मॅडमनीच आम्हाला भिवंडीचं सांगितलं. १९७० आणि १९८४ ला तिथे मोठ्या हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या होत्या. नंतर सुरेश खोपडे तिथे डीसीपी असताना त्यांनी मोहल्ला कमिट्या केल्या, दोन्ही समाजाची साधी माणसं, आणि बीटवरचा पोलीस त्यांच्यात बसायचा. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मोठे अधिकारी बदलून जातात, बीटवाला तिथेच फिरतो, त्याला गल्लीतली माणसं नावाने ओळखतात, हे मला त्यातून जास्त लक्षात राहिलं.

पण खरं सांगायचं तर मॅडमच्या टेबलाला परीक्षेत मार्क नव्हते. मार्क होते कलमांना आणि परेडला. त्यामुळे बऱ्याच मुलींनी ते मनावर घेतलं नाही. जे मोजलं जात नाही ते कोणी शिकत नाही, बारावीपासून आम्हाला तीच सवय आहे. मला सगळ्यात जास्त हे बदलावं असं वाटतं. पासिंग आउटच्या आधी प्रत्येक शिपायाची टेबलावरची परीक्षा व्हावी, कॅमेऱ्यासमोर, ग्राउंडसारखी, समोर अनोळखी माणूस फिर्यादी म्हणून बसवून, आणि मार्क देणाऱ्यांत बाहेरचे लोक असावेत, महिला दक्षता समितीतल्या बायका असतात, शाळेतले निवृत्त शिक्षक असतात, वस्तीतली माणसं. काय चुकलं ते तिथेच सांगायचं, पटलं नाही तर अपील. आणि दुसरं म्हणजे सेंटरवर आमच्या तक्रारीला जागा पाहिजे. ज्या मुलीने ९ महिन्यांत एकदाही तक्रार करून न्याय मिळालेला बघितला नाही ती दुसऱ्याची तक्रार मनापासून कशी घेईल. प्रकाश सिंग निकालात, २००६ ला, सुप्रीम कोर्टाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण करायला सांगितलं, आपल्या राज्यात ते आहे, पण आम्हाला ट्रेनिंगमध्ये ते एका ओळीत सांगून संपवलं.

ट्रेनिंग देणाऱ्यांबद्दल पण एक. खात्यात ट्रेनिंग सेंटरची पोस्टिंग म्हणजे बाजूला टाकलं असं समजतात. काही जण तिथे दिवस मोजत असतात आणि तो राग नव्या पोरांवर निघतो. आमचे ते शांत उस्ताद आणि विधी निदेशक मॅडम, यांच्यासारखी माणसं निवडून, मागून घेऊन तिथे ठेवायला पाहिजेत, त्यांना भत्ता, मान, पुढच्या पोस्टिंगला चॉइस द्यायला पाहिजे. एका चांगल्या उस्तादाच्या हाताखालून किती जण जातात याचा हिशेब केला तर तेवढा खर्च काहीच नाही.

पासिंग आउट झालं, घरचे आले, अण्णांनी पहिल्यांदा एवढे पोलीस जवळून बघितले. मग मुख्यालय, गार्ड ड्युटी, बंदोबस्त, आणि नंतर ठाणं. ठाण्यात आले आणि १ जुलै २०२४ ला कायदेच बदलले. पाठ केलेलं खुनाचं ३०२ झालं १०३, एफआयआरचं १५४ झालं १७३. दोन दिवस ट्रेनिंग झालं, मोबाइलमध्ये अॅप घेतलं, आणि सगळे एकमेकांना विचारत कामाला लागलो. पण नव्या कायद्यात एक गोष्ट आहे ती मला फार चांगली वाटते, तपास कुठवर आलाय ते ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं. नुसतं एवढं जरी मनापासून केलं ना.

आमच्याकडे विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी आणि केबल चोरीला जातात. शेतकरी येतो, त्याला सांगतात अर्ज देऊन जा. अर्ज म्हणजे काही नाही, फाइलला लागतो. असे एक काका आले, मी मदतनीस होते टेबलावर, माझ्या शेजारी जुन्या महिला हवालदार ताई. ताईंनी त्यांना बसवलं, सगळं ऐकून घेतलं, म्हणजे मोटार कोणत्या साली घेतली, सोसायटीचं कर्ज किती, ऊस कसा वाळला, सगळं, आणि मग मला म्हणाल्या, घे लिहायला, गुन्हा आहे हा. साहेबांनी पण नाही म्हटलं नाही, वाढतील तर वाढू दे आकडे म्हणाले, असे साहेब मिळणं हे पण नशीब आहे, कारण गुन्हे जास्त नोंदवले की वरून विचारतात तुमच्याकडे क्राइम का वाढला. मोटार सापडली नाही. अजून नाही सापडली. पण ताई दर पंधरवड्याला त्यांना फोन लावायला सांगायच्या, काका अजून काही नाही, भंगारवाल्यांकडे बघून आलो, असं. आता रात्री शिवारात अनोळखी टेम्पो थांबलेला दिसला की ते काका स्वतः फोन करतात, त्यांच्या वाडीवरचे दुसरे पण करतात. त्या फोनवरून आम्ही एकदा केबल चोरणारे दोघे पकडले पण, दुसऱ्या गावचे.

आणि ड्युटीचे तास. हे लिहिलं नाही तर बाकीचं सगळं पोकळ आहे. मुंबईत देवनार ठाण्यातले शिपाई रवींद्र पाटील यांनी आठ तासांच्या ड्युटीचा आराखडा मांडला, तेव्हाचे कमिशनर दत्ता पडसलगीकर यांनी तो २०१६ ला देवनारमध्ये सुरू करून बघितला. एका शिपायाचं डोकं आणि ते ऐकणारा कमिशनर. आमच्याकडे आजही बारा तास, सणाला त्याहून जास्त. अकराव्या तासाला समोर आलेल्या माणसाशी पहिल्या तासासारखं बोलणं होत नाही, कितीही चांगलं ट्रेनिंग असू दे. ताई म्हणतात, चिडचिड व्हायला लागली की दोन मिनिटं उठून जायचं, तोंडावर पाणी मारायचं, दुसरीला टेबलावर बसवायचं. पण त्यासाठी दुसरी असायला लागते.

२०२४ च्या भरतीला मी ग्राउंडच्या बंदोबस्ताला होते. १७ हजारांवर जागा, पावसाळा, चिखल. या वेळी मुलींना एका हॉलमध्ये रात्री झोपायला जागा केली होती, आम्ही काही जणींनी आधीच साहेबांना जाऊन सांगितलं होतं. सॅनिटरी पॅडचा बॉक्स, गरम पाणी, आणि गेटवर उभ्या असलेल्या वडिलांना दर तासाला सांगायचं की कोणता नंबर चालू आहे. एवढंच केलं. गेटवर गोंधळ नाही, धक्काबुक्की नाही.

त्या बॅचच्या मुली आता ट्रेनिंग करून ठाण्यांत यायला लागल्यात, आमच्याकडे पण येणार आहेत. ताईंनी आणि मी साहेबांना विचारलंय की पहिला महिना त्यांना बंदोबस्ताला काढू नका, आमच्यासोबत टेबलावर बसवा, रोज एकीने नुसतं ऐकायचं आणि संध्याकाळी आम्ही तिच्याशी बोलणार, कुठे तोडलं, कुठे वाचून दाखवायचं राहिलं. साहेब म्हणाले गणपतीत मला माणसं लागणार, पंधरा दिवस देतो. पंधरा तर पंधरा. ताईंनी रजिस्टर काढून ठेवलंय, मी खुर्चीसाठी मागणी टाकलीय, टेबलासमोर सध्या एकच आहे आणि फिर्यादी कधी एकटा येत नाही.